अभ्यास आणि वागणूक एकाच कार्डावर : सोलापुरातील एका शाळेच्या आधार वर्गाविषयी

आमचा धाकटा मुलगा गेल्या वर्षी जूनमध्ये पाचवीत गेला आणि जुलै संपेपर्यंत त्याच्या रोजनिशीत वर्गशिक्षिकांचे सात शेरे जमा झाले. ‘तास चालू असताना मुद्दाम कंपास पाडतो’, ‘शेजारच्या मुलाची वही ओढली’, ‘सांगितल्यावर उलट बोलला’, असे ते शेरे होते. पहिल्या घटक चाचणीत गणित सोडून बाकी सर्व विषयांत तो मागे पडला. आम्ही दोघेही नोकरी करणारे; मी अक्कलकोट रोडवरच्या एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात हिशेब पाहते. दोन तक्रारी म्हणजे दोन आजार, अशी समजूत करून घेऊन आम्ही अभ्यासासाठी एक शिकवणी लावली आणि वागणुकीसाठी एका समुपदेशकांकडे शनिवारी जाऊ लागलो. शिकवणीच्या सरांनी दीड महिन्यात सांगितले की मुलगा हुशार आहे, पण बसत नाही. आधी त्याला बसायला शिकवा. समुपदेशकांनी सांगितले की मुलगा गुणी आहे, अभ्यासाचा ताण कमी झाला की शांत होईल. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. परंतु त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही, आणि वर्गात नेमके काय घडते हे त्यांपैकी कोणीही पाहिले नव्हते. या काळात आमचे पैसे गेले त्याचे फारसे दुःख नाही. मुलाचा जो काळ गेला त्याचे आहे.

त्याच्याच शाळेने ऑगस्टमध्ये आधार वर्ग सुरू केला आणि वर्गशिक्षिकांनी आमच्या मुलाचे नाव सुचवले. मी वर्षभर ती सेवा जवळून पाहिली आहे आणि हे परीक्षण त्याच आधारावर लिहीत आहे. शाळा पूर्व भागातील, खासगी अनुदानित, मराठी माध्यमाची आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण त्या वर्गात मोजकीच मुले बसतात आणि नाव दिल्यास ती ओळखू येतील.

आधार वर्ग हे नाव ऐकून मला प्रथम वाटले की ही जादा तासाचीच दुसरी आवृत्ती असणार. तसे ते नाही. येथे एक विशेष शिक्षिका पूर्णवेळ असतात आणि एक समुपदेशिका आठवड्यातून दोन दिवस येतात. प्रत्येक मुलासाठी या दोघी आणि वर्गशिक्षिका मिळून एकच आराखडा ठरवतात. त्या एकाच पानावर मुलाचे वाचन, लेखन, गणित आणि त्याची वागणूक या सर्वांची नोंद असते. मुलाला काही शिकवण्याआधी दोन आठवडे केवळ निरीक्षण केले जाते. पालक म्हणून मला हे दोन आठवडे फार जड गेले, कारण शेरे येतच होते आणि काही उपाय सुरू झाल्याचे दिसत नव्हते. आज मागे वळून पाहताना संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग मी याच दोन आठवड्यांना मानते.

निरीक्षणाची ती वही मला दाखवण्यात आली, तो प्रसंग सविस्तर सांगते. साधी शंभर पानी वही, तिच्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. पहिली नोंद अशी होती: ‘परिसर अभ्यास भाग २, प्रकट वाचन सुरू, याच्या आधी तीन मुले बाकी’, दुसऱ्या रकान्यात ‘कंपास पाडली, मागच्या मुलाला ढकलले’, तिसऱ्या रकान्यात ‘वर्गाबाहेर उभे केले, पंधरा मिनिटे’. त्याखालची नोंद मराठीच्या तासाची, त्याखालची पुन्हा परिसर अभ्यासाची. दोन आठवड्यांत एकूण अकरा नोंदी होत्या आणि त्यांपैकी नऊ नोंदींच्या पहिल्या रकान्यात वाचन हा शब्द होता. गणिताच्या तासाची एकही नोंद नव्हती. विशेष शिक्षिकांनी काहीही न सांगता पेन्सिलीचे टोक केवळ तिसऱ्या रकान्यावरून खाली खाली फिरवले. ‘बाहेर उभे केले’, ‘बाहेर उभे केले’, ‘मुख्याध्यापकांकडे पाठवले’. ज्याला आम्ही सगळे शिक्षा समजत होतो, ती त्याच्यासाठी सुटका होती. चार मुलांसमोर अडखळत वाचण्यापेक्षा वऱ्हांड्यात उभे राहणे त्याला परवडत होते, आणि दर वेळी वर्गाबाहेर काढून आपण मोठी माणसेच त्याला शिकवत होतो की गोंधळ घातला की वाचावे लागत नाही.

पुढे त्यानेच समुपदेशिकांना सांगितले की बाई वाचन सुरू करायला सांगतात तेव्हा तो पुढची मुले मोजतो, मग परिच्छेद मोजतो आणि आपल्या वाट्याला कोणता येणार ते शोधून त्यातील जोडाक्षरे पाहतो. जोडाक्षरे फार असतील तर त्याच्या पोटात गोळा येतो. एक मिनिटाच्या वाचन तपासणीत दिसले की साधे शब्द तो बरे वाचतो, पण ‘स्वातंत्र्य’, ‘संस्कृती’, ‘व्यवस्था’ असे शब्द आले की पहिल्या अक्षरावरून अंदाजाने काहीतरी बोलून पुढे सरकतो. घरी हे आमच्या लक्षात आले नव्हते, कारण मोठी बहीण त्याला धडा वाचून दाखवत असे आणि तो एकदा ऐकून पाठ करत असे. पाठांतराच्या या देणगीनेच त्याची अडचण चार वर्षे झाकून ठेवली होती.

यानंतर जो आराखडा झाला त्यात अभ्यास आणि वागणूक यांच्या गोष्टी एकमेकींत गुंतवलेल्या होत्या. त्याला अचानक उभे करून वाचायला लावणे बंद झाले. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा हे त्याला आदल्या दिवशी कळू लागले. तोच परिच्छेद तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वीस ते दहा पन्नास या वेळेत, परिपाठाच्या आधी, आधार वर्गात चार मुलांच्या गटात बसून वाचे. त्यातील जोडाक्षरे फोडून लिहून काढी आणि मग अकराच्या पुढे वर्गात वाचे. फारच घाबरल्यासारखे झाले तर बाकाच्या कोपऱ्यावर पिवळा कागद ठेवायचा, म्हणजे बाई त्याची पाळी दोन मुले पुढे ढकलतील, असे ठरले. पाळी पुढे ढकलली जाईल, रद्द होणार नाही, हा भाग महत्त्वाचा. आणि त्याला वर्गाबाहेर काढायचे नाही.

याच्या जोडीला रोजच्या गुणांचे एक कार्ड होते. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तासिकांच्या ओळी आणि तीन रकाने: काम लगेच सुरू केले, अडले तेव्हा मदत मागितली, दुसऱ्याच्या कामात अडथळा आणला नाही. प्रत्येक तासाला शिक्षक शून्य, एक किंवा दोन गुण देतात. सकाळी विशेष शिक्षिका कार्ड हातात देताना एक मिनिट बोलतात, दुपारी शाळा सुटताना बेरीज होते, आणि संध्याकाळी पालकाने सही करून ते परत पाठवायचे असते. शंभरापैकी ऐंशी गुणांइतके प्रमाण साधले की त्या दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण. ही पद्धत मूळची अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी रूढ केली, असे पालक सभेत सांगण्यात आले. तेथील दिव्यांग मुलांच्या शिक्षणविषयक कायद्यात १९९७ च्या दुरुस्तीने वर्तनाला सकारात्मक आधार देण्याचा विचार आला आणि २००४ च्या दुरुस्तीने अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आधी मदत देऊन तिला तो कसा प्रतिसाद देतो हे पाहण्याची वाट मोकळी झाली. पुष्कळ वर्षे हे दोन प्रवाह तेथेही वेगवेगळे वाहिले आणि नंतर ते एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. सर्व मुलांसाठी चांगले अध्यापन आणि स्पष्ट नियम हा पहिला स्तर, काही मुलांसाठी लहान गट हा दुसरा, आणि मोजक्या मुलांसाठी वैयक्तिक आराखडा हा तिसरा. साधारणपणे ऐंशी टक्के मुलांना पहिला स्तर पुरावा, पंधरा टक्क्यांना दुसरा लागावा आणि पाच टक्क्यांना तिसरा, असे त्याचे ढोबळ गणित मांडतात. साठ मुलांच्या वर्गात ते तसेच उतरेल असे मला वाटत नाही, पण मदतीला पायऱ्या असाव्यात हे मात्र पटते.

केवळ कार्ड दिले असते तर काय झाले असते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याला वाचताच येत नाही त्याला वाचनाच्या तासाला ‘काम लगेच सुरू कर’ म्हणून दोन गुणांचे आमिष दाखवणे म्हणजे त्याला रोज नापास करणे. आणि केवळ वाचन शिकवले असते, तर वर्गात धडा चालू असताना तो बाहेर उभाच राहिला असता; सकाळच्या अर्ध्या तासात मिळवलेले दुपारी वऱ्हांड्यात गेले असते. शिकवणीचे सर आणि समुपदेशक यांच्याकडे आमचे नेमके हेच झाले होते.

पहिल्या आठवड्यातील एक कार्ड मी जपून ठेवले आहे. त्यात गणिताच्या ओळीत सहापैकी सहा, शारीरिक शिक्षणाच्या ओळीत सहा, मराठीच्या ओळीत एक आणि परिसर अभ्यासाच्या ओळीत शून्य आहे. त्या शून्याशेजारी बाईंनी बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘आज वाचले नाही, पण वर्गातच बसला.’ सातव्या आठवड्यात त्याच ओळीत पहिल्यांदा पाच गुण आले आणि त्या संध्याकाळी त्याने ते कार्ड आजीला वाचून दाखवले. मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द ऑगस्टच्या अखेरीस एकेचाळीस होते, ते मार्चमध्ये ऐंशीच्या जवळ आले. जोडाक्षरांशी त्याची झटापट अजून संपलेली नाही, पण तो आता अंदाज करत नाही, थांबतो आणि फोडून वाचतो.

शाळेने त्याला आरंभीच कोणतेही नाव चिकटवले नाही, याचाही उल्लेख करायला हवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि ज्या मुलाला खरोखर ती आहे त्याला तपासणी, प्रमाणपत्र व परीक्षेतील सवलती मिळाल्याच पाहिजेत. परंतु प्रमाणपत्र येईपर्यंत मुलाला तसेच बसवून ठेवायचे, हा प्रकार मी ओळखीच्या दोन घरांत पाहिला आहे. येथे आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितले, त्याच वेळी मदत सुरू केली आणि बारा आठवड्यांनी पुन्हा बसून ठरवू असे सांगितले. बारा आठवड्यांनंतरची त्याची प्रगती पाहून पुढील चाचणीची सध्या गरज नाही, असे ठरले. त्याच गटातील एका मुलीच्या बाबतीत मात्र प्रगती अगदीच मंद दिसल्याने तिच्या पालकांना तपासणीसाठी पाठवण्यात आले आणि सोबत तीन महिन्यांच्या नोंदींची प्रत दिली.

आता उणिवांविषयी. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे ही सेवा अजून त्या दोन-तीन व्यक्तींवर उभी आहे. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, वर्गशिक्षिका आठवडाभर रजेवर होत्या. बदली आलेल्या शिक्षकांना आराखड्याची कल्पनाच नव्हती. त्यांनी मुलाला अचानक वाचायला उभे केले, त्याने पिवळा कागद ठेवला, तो त्यांना पोरखेळ वाटला आणि त्यांनी तो उचलून फाडला. मुलगा वर्गातून पळत नळाकडे गेला आणि सुटी होईपर्यंत परत आला नाही. पुढचे दहा दिवस कार्डावरचे गुण पुन्हा ऑगस्टसारखे होते. मी तक्रार केली तेव्हा शाळेने चूक मान्य केली आणि अशा प्रत्येक मुलाचा अर्ध्या पानाचा आराखडा हजेरीपटात ठेवण्याची व्यवस्था केली. ही व्यवस्था पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

दुसरे, काही विषय शिक्षक कार्ड मनापासून भरत नाहीत. एका विषयाच्या ओळीत तीन आठवडे रोज सहाच गुण येत होते. मुलगा स्वतःच म्हणाला की सर न पाहता लिहितात. याच्या उलट एक शिक्षिका ‘शून्य टाकीन हं’ असा धाक घालत असत. कार्ड हा मुलाशी रोज पाच वेळा दोन चांगले शब्द बोलण्याचा निमित्तमात्र कागद आहे. त्याची छडी झाली तर त्याचा काही उपयोग राहत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे हे सर्व शिक्षकांना ठाऊक असते, पण छडी ठेवल्यावर हातात काय घ्यायचे हे त्यांना फारसे कोणी शिकवलेले नसते. आधार वर्गाने पालकांसाठी दोन बैठका घेतल्या, तशा सर्व शिक्षकांसाठीही घ्याव्यात, अशी माझी सूचना आहे.

भाषेच्या बाबतीतही सुरुवातीला चूक झाली. पूर्व भागातील पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड. अशा घरांतील तीन मुले मराठी वाचनाच्या तपासणीत मागे दिसली म्हणून थेट दुसऱ्या स्तराच्या गटात घेतली गेली आणि त्यांच्या अबोलपणाची नोंद वागणुकीच्या रकान्यात झाली. शाळेतील एका तेलुगू भाषक शिपाई मावशींनी त्यांपैकी एकीशी घरच्या भाषेत बोलून पाहिले, तेव्हा ती मुलगी धडाधडा गोष्ट सांगू लागली. तिला धड्यातील शब्दांचा अर्थ हवा होता. वागणुकीचा काही प्रश्नच नव्हता. त्यानंतर घरची भाषा कोणती ही नोंद आराखड्याच्या पहिल्या ओळीत आली. सोलापुरात ही सेवा सुरू करणाऱ्या कोणत्याही शाळेने या नोंदीपासूनच आरंभ करावा.

पालक बैठकीची वेळ हा आणखी एक प्रश्न. सकाळची वेळ माझ्यासारख्या नोकरदार बाईला अर्ध्या दिवसाची रजा टाकून साधता येते, पण बिड्या वळणाऱ्या आयांना त्याच सुमारास तयार माल कारखान्यात जमा करायचा असतो आणि तो चुकला तर त्या दिवसाची मजुरी अडते. पहिल्या बैठकीला नऊपैकी चारच पालक आले आणि बाकीच्यांना ‘लक्ष न देणारे पालक’ म्हटले गेले, हे मला मुळीच आवडले नाही. पुढे समुपदेशिकांनी संध्याकाळी सात नंतर फोनवर बोलायला सुरुवात केली, तेव्हा सर्वच आया बोलू लागल्या. एकीने सांगितले की मुलगा रात्री लूमच्या आवाजात नीट झोपत नाही आणि म्हणून पहिल्या तासाला डुलक्या घेतो. तो मुलगा तोवर आळशी म्हणून नोंदला गेला होता.

किरकोळ गोष्टींत खोलीचा उल्लेख करते. ती पाण्याच्या टाकीशेजारी आहे, मधल्या सुटीत तेथे कोलाहल असतो आणि मार्चपासून पत्र्याखाली उकाड्याने बसवत नाही. आरंभी मुलांना चित्रकलेच्या तासातून काढून या खोलीत आणत असत. आमच्या मुलाने त्याचा राग कार्डावर काढला. परिपाठाच्या आधीची वेळ ठरल्यावर तो प्रश्न मिटला. शुल्क काहीही नाही. कार्डांच्या छपाईचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलला आहे. विशेष शिक्षिकांच्या मानधनाची तरतूद मात्र एका वर्षापुरतीच आहे आणि पालक म्हणून मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा वजन आले आहे आणि अशा मुलांना वर्ग पुन्हा करायला लावण्याची सोय सहज हाताशी आली आहे.

ज्या पालकांना ‘मुलगा हुशार आहे पण बसत नाही’ हे वाक्य ऐकवले जाते, त्यांनी ही सेवा मिळत असल्यास अवश्य घ्यावी. आपल्या शाळेत ती नसेल तर निदान वर्गशिक्षकांना विनंती करून दोन आठवडे तीन रकान्यांची वही ठेवायला सांगावी. तेवढ्यानेही पुष्कळ उलगडा होतो. ज्यांच्या मुलाला ऐकू येणे, दिसणे किंवा बोलणे यांची अडचण असेल, त्यांनी मात्र केवळ आधार वर्गावर विसंबू नये आणि डॉक्टरांची तपासणी आधी करून घ्यावी.

आमच्या मुलाचे कार्ड मार्चपासून रोजचे बंद होऊन शुक्रवारपुरते राहिले आहे आणि बेरीज तो स्वतः करतो. आता तो सहावीत आहे, इतिहासाचे पुस्तक वेगळे आले आहे आणि पहिल्याच पाठात जोडाक्षरे भरपूर आहेत. पिवळा कागद त्याने कंपासपेटीत घडी घालून ठेवला आहे. गेल्या पाच आठवड्यांत तो एकदाच बाहेर काढावा लागला.